बोरदऱ्यात उतरलेल्या वैमानिकाची वही

१

२०२३ साल. फेब्रुवारीचा शेवटचा आठवडा. रानात हरभऱ्याची काढणी चालली होती, आणि लोह्याच्या अलीकडं, बोरदऱ्याच्या बंद पडलेल्या जिनिंगमध्ये आम्ही साठ-सत्तर माणसं कोंडली गेलो होतो.

दुपारी बारा वाजता दामिनीनं पत्र्याची पेटी उघडली. आतलं लाल फडकं सोडलं, वही हातात घेतली, पहिलं पान उलटलं, दुसरं उलटलं आणि मग भराभर सगळीच उलटली.

"ही ती वही नाही," ती म्हणाली. "ही शूटिंगसाठी केलेली खोटी आहे."

सगळी पानं कोरी होती.

पेटीचं कुलूप शाबूत होतं. किल्ली एकच, आणि ती सकाळी आठपासून पुनमच्या गळ्यात काळ्या दोऱ्याला बांधलेली. सगळ्यांच्या माना तिच्याकडं वळल्या. पोरीनं किल्ली मुठीत धरली, जणू तीच कुणी हिसकावून घेणार होतं.

दामिनी ही सिनेमाची निर्माती, लातूरच्या डाळमिलवाल्यांची लेक. सिनेमाचं नाव 'आभाळातला सौदागर'. निजामाचं राज्य शेवटाला आलं होतं तेव्हा वेकफिल्ड नावाचा एक विलायती वैमानिक निजामाला चोरून बंदुका आणून द्यायचा, त्याची ही गोष्ट. १९४८ च्या थंडीत हा माणूस एका संध्याकाळी आमच्या बोरदऱ्याच्या माळावर उतरला होता. दिग्दर्शक सत्यमनं त्याच्या नातीकडून त्याची वही मिळवली होती, आणि त्या वहीच्या जोरावर सिनेमात दाखवणार होते की गावच्या पाटलानंच जाळ करून खूण दिली आणि विमान उतरवून घेतलं.

ही बातमी गावात फुटली. त्या पाटलाचा पणतू लखन आता झेडपीच्या निवडणुकीची तयारी करत होता. त्यानं आदल्या संध्याकाळी जिनिंगच्या फाटकाला चार ट्रॅक्टर आडवे लावले. "वही दाखवा, न्हाईतर एकबी गाडी बाहेर जाणार न्हाई," असं भोंग्यावरून ओरडून सांगितलं. आणि आता वहीच गेली होती.

माझा या सगळ्याशी संबंध एवढाच, की मी अंबिका, बोरदऱ्याची लेक. लग्न होऊन लातूरला गेले, तिथं चौतीस वर्षं शाळेत शिकवलं. वय त्र्याऐंशी. त्या काळी लुगडं कसं नेसत, जात्यावर कसं बसत, हे सांगायला मला आणलं होतं. पुनम कपडेपटात होती, तीही बोरदऱ्याचीच. चार महिन्यांचं काम म्हणून ती आली होती. खरा जीव तिचा पोलीस भरतीत. ग्राउंड, म्हणजे मैदानी चाचणी, निघालं होतं, एप्रिलात लेखी.

इन्स्पेक्टर बालाजी आत आला तो घामाघूम. रेणापूरचा पोरगा, माझ्याच हाताखाली शिकलेला. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि मला बाजूला नेलं.

"बाई, बाहेर तीनशे लोक हायेत. त्यांना वाटतं तुम्ही लोकांनीच वही लपवली. दामिनी मॅडम म्हणतात गावानं चोरली, गुन्हा नोंदवा. दिवस मावळायच्या आत वही सापडली तर ठीक. न्हाईतर मला कुणाला तरी गाडीत घालून न्यावं लागंल."

"कुणाला?"

तो माझ्याकडं बघेना. "किल्ली कुणाकडं होती, बाई?"

"बालाजी, तिच्या नावावर गुन्हा लागला तर भरतीत घेतील का तिला?"

"न्हाई घेणार," तो म्हणाला. "नाव लागलं की संपलं."

२

फाटकाबाहेर ट्रॅक्टर आणि फाटकाच्या आत पोलीस. बाहेरचे गाडी जाऊ देत नव्हते, आणि वही गेल्यापासून आतले माणूस बाहेर सोडत नव्हते. भिंत दहा फूट, वर काचा रोवलेल्या. लहानपणी याच भिंतीलगत कापसाच्या गाड्यांची रांग लागायची, बैलांच्या घुंगरांनी झोप यायची नाही. आता आत एक नळ होता आणि त्याला पाणी नव्हतं.

गंमत अशी की सिनेमात गर्दी करायला घेतलेल्या चाळीस बाया बोरदऱ्याच्याच होत्या. आत बायको आणि बाहेर नवरा घोषणा देतोय.

"आवं, गप बसा की जरा!" धुरपताबाई फटीतून नवऱ्याला ओरडली. "तीनशे रुपये रोज मिळून राहिला, तो बी बुडवता का?"

"तू आधी बाहेर ये!"

"पोलीस सोडंना! आन् सोडलं तरी लुगडं त्यांचं हाय, फेडून येऊ काय?"

बाया हसल्या. पुनम हसली नाही.

मी तिच्याजवळ कडब्याच्या पेंढीवर बसले आणि सकाळपासूनचं आठवायला लागले. आता सगळ्यांना वाटतं म्हाताऱ्या माणसाला फक्त जुनं आठवतं. तसं नाही. शाळेत पन्नास पोरांची हजेरी तोंडपाठ घेतलेली बाई आहे मी.

सकाळी आठ वाजता जिनिंगचे मालक लक्ष्मणराव आत आले. हे त्या पाटलाचे चिरंजीव आणि लखनचे आजोबा, वय शहाऐंशी. जागा सिनेमाला त्यांनीच भाड्यानं दिली होती, गोष्ट काय आहे ते न विचारता. काठी टेकत ते सत्यमपुढं उभे राहिले.

"माझ्या बापाचं नाव त्या वहीत हाय म्हणता. वाचून दाखवा."

सत्यमनं वही काढली आणि सगळ्यांसमोर वाचलं. आधी इंग्रजीत, मग मराठीत. "संध्याकाळ. खाली जाळ दिसले, शेतांमधून फिरणारे. माळावर उतरलो. गावचा पाटील माणसं घेऊन सामोरा आला."

"तारीख?"

"तारखेवर पाणी सांडलंय. पुढची पानंही भिजून चिकटली आहेत. गावाबद्दल एवढंच आहे."

लक्ष्मणराव काठी टेकून तिथंच उभे राहिले. दामिनीला काय वाटलं कोण जाणे, तीच म्हणाली, "काका, चार वाजता गावातले पाच जण आत येऊ देत. अंबिकाबाईंना इंग्रजी येतं, त्या वाचतील. सगळ्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी बघावं."

सत्यमनं मान हलवली. त्यानं टेबलाकडं वळून वही लाल फडक्यात गुंडाळली, पेटीत ठेवली, कुलूप लावलं आणि किल्ली पुनमच्या गळ्यात घातली. "तू सांभाळ. गावचीच आहेस, गावाचा तुझ्यावर तरी विश्वास बसेल."

तेव्हा मला ते बोलणं चांगलं वाटलं होतं.

आठ ते दहा पुनम आणि मी चाळीस बायांना लुगडी नेसवत होतो. दहा वाजता मागच्या मैदानात शूटिंग सुरू झालं. तिथं ज्वारीची धाटं रोवून शेत उभं केलं होतं, आणि त्या शेतात कडब्याची कोप, लहानसं खोपटं. गोव्याहून आणलेला गोरा नट त्या कोपीत बसून वहीत लिहितो, असा प्रसंग. सत्यमनं झोळीतून वही काढून त्याच्या हातात दिली. मग भोंग्यातून त्याचा आवाज आम्हाला इकडं ऐकू आला, इंग्रजीत, एकदा नाही, तीनदा: पेन टेकवू नकोस! नुसतं लिहिल्यासारखं कर!

"काय खेकसून राहिलं बाप्पा हे," पुनम पिना तोंडात धरून म्हणाली होती.

अकरानंतर माझा डोळा लागला. हे मी बालाजीला खरं सांगितलं, आणि तिथंच माझी साक्ष संपली.

३

दोन वाजेपर्यंत झडती झाली. पेट्या, गाद्या, गाड्यांची डिकी, बायांच्या पिशव्या. लेडीज कॉन्स्टेबलनं पुनमची झडती सगळ्यांच्या आधी घेतली आणि सगळ्यांच्या शेवटी परत एकदा घेतली. वही नाही.

मी एकेकाला गाठायचं ठरवलं. म्हाताऱ्या बाईशी माणसं बोलतात. तिला काही कळत नाही असं त्यांना वाटतं.

ग्यानोबा सुतार बिलोलीचा. लाकडी विमान त्यानंच केलं होतं, खोटी वहीही त्याचीच. तो विमानाच्या पंखाखाली सावलीत बसला होता.

"ग्यानोबा, वह्या किती केल्या होत्या?"

"एकच, बाई. चामडं जुन्या पखालीचं, कागद चहात भिजवलेला. सत्यमसाहेब म्हणले, हुबेहूब पाहिजे, शेजारी ठेवली तर मला बी कळू नये."

"एकच? नक्की?"

"दुसरीला चामडं कुठून आणू? त्या एकीला गल्लीगल्ली हिंडलो." मग आवाज उतरवून म्हणाला, "बाई, ह्या पोरीनं घेतली न्हाई. सकाळपासून पाण्याचा घोट न्हाई पिली ती. चोरणाऱ्याला तहान लागती."

दामिनी व्हॅनमध्ये फोनवर होती. फोन ठेवून ती म्हणाली, "बाई, मला त्या मुलीचं वाईट वाटतं. पण घर गहाण ठेवून हा सिनेमा करतेय. वही नसेल तर उद्या कुणीही म्हणेल की आम्ही रचलं सगळं. गुन्हा नोंदला, तर निदान वही होती असं तरी सिद्ध होईल."

"तू स्वतः वाचलीस कधी?"

"माझ्यासमोर सत्यमनं वाचली. एवढंच पान वाचता येतं. बाकी चिकटलेलं आहे."

"तू उलटून बघितलंस?"

"तो हातात देत नाही कुणाच्या. जुना कागद आहे, फाटेल म्हणतो."

लक्ष्मणराव कापूस तोलायच्या जुन्या काट्याच्या ओट्यावर बसले होते, जिथं त्यांचा बाप बसायचा. मला बघून सरकले.

"बस, अंबू."

"लक्ष्मणदादा, तुम्ही तर नाही ना काढली?"

"काढली असती," ते म्हणाले. "हात पुरला असता तर जाळली असती. पण मला ती वाचायची व्हती गं. त्या दिवशी मी मामाकडं बिलोलीला व्हतो. गावात विमान उतरलं आन् मी न्हाई बघितलं, पोरं वर्षभर चिडवायची. आन् बाप तर त्याबद्दल मरेपत्तुर बोलला न्हाई. एवढा बोलणारा माणूस, पण विमान म्हटलं की उठून जायचा." काठीनं ते जमिनीवर रेघ ओढत राहिले. "तू व्हतीस ना गावात? आठ वर्सांची असशील."

होते. मला तो आवाज आठवत होता. आईनं मला बाभळीखाली ढकललं, ते आठवत होतं. पण कोणता दिवस, कसली संध्याकाळ, काही नाही. घरी कुणी त्याचं नाव काढू द्यायचं नाही. शब्द दाबले की चित्रंही दाबली जातात.

सत्यम शेवटी भेटला. नाव आणि घराणं आपल्याकडचं, पण वाढला पुण्यात, शिकला परदेशात. तो पुनमबद्दल फार मऊपणानं बोलला. "तिला कुणीतरी भरीस घातलं असणार, बाई. गरीब मुलगी. मी तिच्याविरुद्ध काही बोलणार नाही."

"बोलू नकोस," मी म्हटलं. "पण एक सांग. नट लिहीत होता, तेव्हा पेन टेकवू नको असं का ओरडलास? कोऱ्या वहीत चार रेघा ओढल्या असत्या तर काय बिघडलं असतं?"

तो हसला. "परत टेक घ्यायचा तर कोरं पान लागतं ना."

उत्तर चोख होतं. चारच्या सुमाराला बाहेरून पहिला दगड आला आणि पत्र्यावर आपटला. एक बाई किंचाळली. बालाजीनं पुनमला जीपजवळ उभं केलं.

४

मी मागच्या मैदानात गेले. मला एकटीला बसायचं होतं, आणि पायांना सवयीनं सापडली ती कोप.

ही कोप मी आठ दिवसांपूर्वी पहिल्यांदा बघितली, तेव्हा मला भरून आलं होतं. कडब्याच्या पेंढ्या, आत ओळीनं पाच दगड चुन्यानं पांढरे केलेले, वर शालीची घडी, बाजूला मडकं. मी सत्यमला म्हटलं होतं, "अरे वा, येळवस मांडलीस की!"

"काय मांडली?"

"येळवस. येळ अमावास्या."

"नाही नाही, हे फक्त वैमानिकाला रात्री लपायला खोपटं. माझी कल्पना आहे." आणि तो निघून गेला होता.

आमच्याकडच्या माणसाला सांगायला नको. मार्गशीर्षातल्या अमावास्येला लातूर-नांदेडकडं गाव ओस पडतं. सगळे रानात. कडब्याची कोप करायची, पाच पांडव मांडायचे, जेवायला ताकातली आंबट आंबील, भाज्यांची भज्जी, बाजरीचे उंडे. वाटेवरून जाणारा परका असला तरी त्याला हाताला धरून जेवायला बसवायचं. सिनेमातले का असेनात, दगड मांडले म्हटल्यावर बायांना राहवलं नाही. पहिल्याच दिवशी त्यांनी पाचांना हळदीकुंकू लावलं, आणि तेव्हापासून कोपीपुढं चप्पल घालून कुणी फिरलं नव्हतं. दुपारी बालाजीचे शिपाईही बूट काढून वाकले, आत डोकावले, हात जोडले आणि निघाले.

मी वाकून नमस्कार केला. आणि तशीच राहिले.

पाचांपैकी चार पांडवांचं कुंकू माझ्या बाजूला होतं. मधल्या दगडाला कुंकूच नव्हतं. मी चष्मा पुसला. कुंकू होतं, पण मागच्या बाजूला. देवाचं तोंड भिंतीकडं.

बोरदऱ्यातलं शेंबडं पोरसुद्धा असं ठेवणार नाही. ग्यानोबा ठेवणार नाही, पुनम ठेवणार नाही, दामिनीच्या घरी तर दरवर्षी शंभर माणसं येळवसेला जेवतात. हे कुणीतरी ठेवलं होतं, ज्याला तो नुसता दगड वाटत होता.

मी हात लावला नाही. उठता उठता मडक्याच्या आंबट वासानं मात्र घात केला. बायांनी त्यात खरीच आंबील घातली होती. तो वास नाकात गेला आणि ती संध्याकाळ डोळ्यांपुढं उघडली. माझे वडील पेटलेली पेंढी हातात धरून गव्हाच्या बांधानं पळताहेत. पलीकडच्या रानात पाटील, त्याच्या पलीकडं आणखी कुणी. दिवस मावळतोय आणि सगळ्या शिवारात जाळ फिरतोय. आणि वरून तो आवाज.

मी आले तशी भरभर निघाले. त्र्याऐंशीव्या वर्षी जेवढं भरभर जमतं तेवढं. जीपचं दार उघडलं होतं आणि पुनमचा एक पाय आत होता.

"बालाजी," मी शाळेत हाक मारायचे तशी मारली. "तिला खाली उतरव."

५

मी पाचच माणसं बोलावली: बालाजी, दामिनी, सत्यम, लक्ष्मणराव आणि पुनम. लक्ष्मणराव म्हणाले, लखनलाही घ्या, न्हाईतर तो आपल्या मनानं काहीबाही सांगंल. बालाजीनं त्याला फाटकातून एकट्याला आत घेतलं.

"दामिनी," मी म्हटलं, "सकाळी दहाचं जे शूटिंग झालं, ते परत बघता येतं ना?"

"मॉनिटरवर बघता येतं."

"लाव."

"याचा काय संबंध?" सत्यम म्हणाला.

"नसेल तर नसू दे. मला नातवाचं लग्न चारदा बघायची सवय आहे."

पडद्यावर गोरा नट कोपीत बसला होता, मांडीवर वही, पेन कागदाच्या वर तरंगतंय. सत्यमनं मुद्दाम लांबून घेतलं होतं. आम्ही बघत राहिलो. दुसऱ्या खेपेला वारा सुटला, कडबा हलला आणि वहीचं पान उलटलं.

"थांबव. मोठं कर."

पानावर निळ्या शाईच्या ओळी होत्या. अक्षर लागत नव्हतं, पण कोरं पान नव्हतं ते.

"ग्यानोबानं खोटी वही एकच केली, आणि तिची सगळी पानं कोरी," मी म्हटलं. "म्हणजे दहा वाजता नटाच्या हातात खरी वही होती. मग पेटीत तेव्हा काय होतं? खोटी. आठ ते दहा पुनम चाळीस बायांमध्ये होती, चाळीस जणी सांगतील. माझा डोळा लागला तो अकरानंतर. मग पेटीत खोटी वही कुणी ठेवली? आठ वाजता ज्या हातानं ती फडक्यात गुंडाळली, त्याच हातानं. आणि दहाला झोळीतून खरी कुणी काढली, तेही मैदानातल्या सगळ्यांनी बघितलं. पेन टेकवू नको म्हणून जीव का तुटत होता, ते आता कळतं. खरी खराब झाली असती."

दामिनी सत्यमकडं बघत होती. "तू? वही तूच आणलीस. तू कशाला चोरशील?"

"कारण तू चारला वाचायचं कबूल केलंस," मी म्हटलं. "मी पान उलटलं असतं. सत्यम, येळवस म्हणजे काय ते तुला ठाऊक नव्हतं. मी नाव घेतलं तर तू विचारलंस, काय मांडली? मग पाच पांढरे दगड, शाल, मडकं, हे अचूक तुला कुठं दिसलं? कल्पना म्हणालास. एवढी कल्पना कुणाला होत नाही. तू ते वाचलं होतंस. पुढची पानं चिकटलेली नाहीत."

सत्यमचा चेहरा उतरला, पण तो ताठच होता. "पुरावा काय? वही कुठं आहे?"

"चला."

कोपीपुढं सगळ्यांनी चपला काढल्या. सत्यमनं काढल्या त्या सगळ्यांचं बघून, शेवटी. लक्ष्मणरावांनी वाकून पाहिलं आणि त्यांच्या तोंडून आलं, "आरं, हे कुणी उलटं फिरवलं?"

लखननंही बघितलं, दामिनीनंही. पुनमनं तर कानाला हात लावले. सत्यम एकटा पाचही दगडांकडं बघत होता, आणि काय चुकलंय ते त्याला दिसत नव्हतं.

"हेच," मी बालाजीला म्हटलं. "बघ त्याच्या तोंडाकडं."

मी हात जोडले आणि मधला पांडव उचलला. खाली माती उकरून पिशवी पुरली होती. पिशवीत वही.

६

सत्यम खाली बसला. "सिनेमा संपला असता," तो म्हणाला. "पाटलानं विमान उतरवलं, यावर तो उभा आहे. त्याशिवाय तो नुसता एक वाट चुकलेला माणूस उरतो. पैसे लावणाऱ्यांनी गद्दार बघून पैसे लावलेत, बाई. मला वाटलं, वही हरवली तर कुणी काही म्हणू शकणार नाही. कुणाला अटक होईल असं..."

"किल्ली माझ्या गळ्यात घातली तुम्ही," पुनम म्हणाली. वही गेल्यापासून ती पहिल्यांदा बोलली. "माझ्याच. गावची म्हणून."

मी पान उलटलं. तारीख स्वच्छ होती, अकरा जानेवारी. मी मराठीत वाचत गेले, आणि बालाजीनं माझ्या तोंडापुढं भोंगा धरला, म्हणून फाटकाबाहेरही गेलं.

"ते जाळ माझ्यासाठी नव्हतेच. ह्या लोकांचा रानात जेवायचा काही सण आहे आणि पेटत्या पेंढ्या घेऊन ते पिकाभोवती पळत होते. खूण समजून मी मूर्खासारखा उतरलो. ठरलेली जागा पंधरा मैल पुढं होती. पाटलानं मला गवताच्या खोपटात बसवलं, पाच पांढऱ्या दगडांजवळ, आणि मडक्यातलं काहीतरी आंबट प्यायला दिलं. दोनदा मागून घेतलं. नंतर त्यानं खोकी उघडायला लावली. बंदुका बघून त्यानं झाकणं परत लावली. मला हिंदुस्थानी कळते. तो म्हणाला, माझ्या रानात जेवलास म्हणून हात लावत नाही, उजाडायच्या आत जा. पहाटे बैल जुंपून त्यांनी विमान माळाच्या टोकाला ओढून दिलं. खोकी सगळी नीट आहेत."

बाहेर एकदम टाळ्या पडल्या, शिट्ट्या झाल्या. लखननं बालाजीच्या हातून भोंगा घेतला. "ऐकलं का? आमच्या पणजोबांनी गोऱ्याला हाकलून..."

"लखन." लक्ष्मणरावांनी काठी भोंग्यावर ठेवली. "हाकललं न्हाई. जेवू घातलं आन् जाऊ दिलं. बंदुका बी जाऊ दिल्या. सांगायचं तर समदं सांग, न्हाईतर गप."

लखननं भोंगा खाली ठेवला.

त्याच सालच्या उन्हाळ्यात शेजारच्या गावावर निजामाचे रझाकार आले, तेव्हा त्यांच्या हातात नव्या बंदुका होत्या. माझा थोरला मामा त्या गावात होता, तो त्यात गेला. त्या बंदुका त्याच खोक्यांतल्या होत्या का, हे कुणालाच सांगता येणार नाही. पाटलालाही सांगता येत नसणार. म्हणून तो विमान म्हटलं की उठून जायचा. लक्ष्मणदादांना आणि मला हे एकाच वेळी कळलं असावं, कारण त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि आम्ही दोघंही तिथंच, कोपीपुढं, मातीत बसलो.

दिवस मावळायला अर्धा तास होता, तेव्हा ट्रॅक्टर सुरू झाल्याचे आवाज आले.

त्यानंतर दोन वर्षं गेली.

लक्ष्मणराव पुढच्याच पावसाळ्यात गेले. जाण्याआधी त्यांनी लखनला घेऊन शेजारच्या गावी माझ्या मामाच्या घरी जाऊन यायचं ठरवलं होतं; दोघं गेले, चहा प्याले, काही बोलले नाहीत, परत आले. लखन अजून निवडणुकीची वाट बघून राहिलाय. निवडणुकाच लागेनात.

सत्यमवर गुन्हा नोंदला गेला नाही. वही त्यानंच आणलेली, त्याच्याच ताब्यातली. पण दामिनीनं त्याला त्याच दिवशी काढलं. ऐकते की तो मुंबईत जाहिराती करतो. वही त्या नातीकडं परत गेली. ग्यानोबानं लाकडी विमान भंगारात न देता बिलोलीला नेलं, आणि त्याच्या अंगणात त्याच्या कोंबड्या पंखावर बसतात. बालाजीची बदली झाली. फोन करतो, अजूनही आधी "बाई, मी बालाजी, दुसरा बाक" असं सांगतो.

दामिनीनं घर विकलं, पण सिनेमा पुरा केला. वाट चुकलेल्या माणसाचा आणि त्याला जेवू घालणाऱ्या गावाचा, बंदुकांसकट. दोन्ही बाजूंचे लोक चिडले. लातूरला तो लागला तेव्हा थिएटरवर मोर्चा येणार अशी बातमी होती, म्हणून बंदोबस्त होता. मी रिक्षातून उतरले तर दारात खाकीत पुनम. लेखी निघालं, ट्रेनिंग झालं, लातूरलाच नेमणूक. तिनं माझी पिशवी उघडून बघितली, सगळ्यांची बघत होती तशीच, नीट, तळापर्यंत, आणि मग म्हणाली, "जावा आज्जी, आत."

"तू बघितलास का गं?"

"न्हाई ना," ती म्हणाली. "माझी ड्युटी बाहेर हाय."